महापालिकेची इमारत: कचेरीच राहू द्यावी, की संग्रहालय करावं?

बोरीबंदरकर:

मंडळी, दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी हा विषय उकरून काढतंच. "एवढी देखणी इमारत आणि आत काय, तर फायली! सगळ्यांना बाहेर काढा, म्युझियम करा." परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यावरून जुंपली होती. तिथे सकाळच्या सुविचारांच्या गर्दीत लिहिण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: सीएसएमटी स्टेशनासमोरची मुंबई महापालिकेची ती इमारत कचेरी म्हणून बांधली आणि कचेरी म्हणूनच राहावी.

थोडा इतिहास, कारण त्या गटावर कुणीतरी "इंग्रजांनी स्टेशनाबरोबरच बांधली" असंही ठोकून दिलं होतं. तसं नाही.

१८६५ साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले, तेव्हा कचेरी गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्याशा इमारतीत होती. १८७० साली ती एस्प्लनेडवर (फोर्टालगतच्या मोकळ्या भागात) गेली, वॉटसन हॉटेल आणि ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट (आजची डेव्हिड ससून लायब्ररी) यांच्या मधोमध. ती इमारत आज नाही, त्या जागी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे. दरम्यान १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली. म्हणजे नुसता कमिशनर आणि त्याचे कारकून नव्हेत, तर वाद घालणारी, अंदाजपत्रकात खोट काढणारी माणसं आली. त्यांना बसायला सभागृह हवं. नव्या इमारतीची निकड तिथून आली असणार, असं मला वाटतं.

९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी कोनशिला बसवली. स्थानिक स्वराज्य संस्थांचा १८८२ चा ठराव याच रिपन यांचा. त्यांची कारकीर्द त्याच आठवड्यात संपली, १३ डिसेंबरला नवे व्हाइसरॉय डफरिन आले. कोनशिला बसली, साहेब मायदेशी गेले, आणि प्रत्यक्ष काम कधी सुरू झालं? १८८९ साली. भूमिपूजन एकाच्या हस्ते आणि काम दुसऱ्याच्या काळात, ही परंपरा जुनी आहे हो.

आराखडे दोन होते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा गॉथिक (युरोपातल्या जुन्या चर्चच्या वळणाचा) आणि मद्रासमध्ये नाव कमावलेले रॉबर्ट फेलोज चिझम यांचा इंडो-सारासेनिक (हिंदुस्थानी-मुघल वळणाचा). निवडला गॉथिक. पण स्टीव्हन्स यांनीही निव्वळ विलायती इमारत दिली नाही. टोकदार कमानी खाली आणि वर आपल्याकडचे फुगीर घुमट. समोरचं स्टेशन त्यांचंच, १८८८ च्या सुमारास पुरं झालेलं. स्वतःच्याच इमारतीसमोर तिच्या तोडीची दुसरी उभी करायची, तीही हॉर्नबी रोड (दादाभाई नौरोजी रोड) आणि क्रुकशँक रोड (महापालिका मार्ग) यांच्या बेचक्यातल्या अडचणीच्या जागेत. ती अडचणच त्यांनी कामाला लावली. दोन बाजू दोन रस्त्यांना चिकटून मागे जातात आणि पुढे चौकाकडे तोंड करून २५५ फुटांचा मनोरा. मधल्या त्रिकोणी शिखरावर पंखवाली मूर्ती आहे, 'उर्ब्स प्रीमा इन इंडिस' म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर. नम्रपणाचा लवलेश नाही. मला आवडतं ते.

१८९३ साली काम पुरं झालं. मंजूर रक्कम ११,८८,९६९ रुपये, खर्च ११,८८,०८२ रुपये. ८८७ रुपये वाचले.

आता मुद्दा. या इमारतीत रोज सकाळी कुणीतरी खिडकी उघडतं. छत गळलं तर त्याच दिवशी कुणाच्या तरी टेबलावर पाणी पडतं आणि बोंब होते. संग्रहालयाच्या बंद दालनात तीच गळती पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळत नाही. वापर हीच पहिली राखण. तुमचं म्हणणं मांडा.

खड्डेबहाद्दर:

८८७ रुपये वाचले?! त्या साहेबाला परत बोलवा. आज ११,८८,०८२ रुपयांत त्या इमारतीभोवती परांची तरी बांधून होईल का?

स्वाती_द:

बोरीबंदरकर, लेख छान, पण मत पटलं नाही. 'वापर' म्हणता तो कुणाचा? मी दादरला वाढले, घरपट्टी वर्षानुवर्षं भरते आहे, पण त्या जिन्यावर पाय ठेवायला मिळाला तो वारसा फेरीत. महापालिका आणि पर्यटन महामंडळाने शनिवार-रविवारच्या फेऱ्या सुरू केल्या जानेवारी २०२१ मध्ये. म्हणजे इमारत १२५ वर्षांची होऊन गेल्यावर सामान्य माणसाला आत बघायला बोलावलं. बाकी वेळी काम असेल तर पास काढा, नाही तर समोरच्या सेल्फी पॉइंटवरून फोटो काढा.

महापालिकेला संग्रहालय जमत नाही असंही नाही. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. २००३ ते २००८ या काळात इंटॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशनच्या सोबतीने त्याचा जीर्णोद्धार झाला आणि मधेच २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मग मुख्यालय का नाही?

बोरीबंदरकर:

स्वातीताई, भाऊ दाजी लाड १८७२ साली लोकांसाठी उघडलं ते संग्रहालय म्हणूनच. कपाटं, गॅलरी, उजेड, सगळं वस्तू मांडायला केलेलं. कचेरीत तुम्ही मांडणार काय? भिंतींवर फलक आणि जुन्या आयुक्तांच्या खुर्च्या?

फेऱ्या मात्र वाढवाव्यात, यात वाद नाही.

चिटणीसखातं_निवृत्त:

नमस्कार. मी या इमारतीत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे माझं म्हणणं थोडं एकतर्फी वाटेल, सांभाळून घ्या.

बाहेरून बघणाऱ्यांना घुमट दिसतो. आत काम करणाऱ्याला कळतात ते व्हरांडे. ऊन थेट खोलीत येत नाही, आधी व्हरांड्यात अडतं. छत उंच, त्यामुळे गरम हवा वर जाते. मे महिन्यात आम्ही जुन्या इमारतीतून मागच्या विस्तारित इमारतीत निरोप घेऊन गेलो की फरक अंगाला कळायचा. विस्तारित इमारत काही हौस म्हणून उभी राहिली नाही. शहर वाढलं. १९५० साली उपनगरं आली, १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. कुलाबा ते माहीम-सायनपुरत्या मुंबईसाठी काढलेल्या इमारतीत तेवढा कारभार मावणार कसा?

आणि सभागृह! नवीन नगरसेवक पहिल्यांदा बोलायला उभा राहिला की वर बघायचा. छत एवढं उंच की आवाज कुठे गेला कळत नाही. जुने मुरलेले सभासद खालच्या पट्टीत, सावकाश बोलायचे. कितीतरी प्रस्ताव तिथे मंजूर झाले आणि कितीतरी 'दप्तरी दाखल'. बाहेरच्यांना सांगतो, दप्तरी दाखल म्हणजे सन्मानाने जपून ठेवला असं नव्हे, फेटाळला. मार्च २०२२ मध्ये सभासदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुकीविना सभागृहात एकही बैठक नाही, अशी वर्षांमागून वर्षं गेली. ते पाहून मला वाटलं, तुमचं म्युझियम ते हेच. सगळं जागच्या जागी, पुसलेलं, आणि बोलणारं कुणी नाही.

तेव्हा माझं मत बोरीबंदरकरांच्या बाजूने.

खड्डेबहाद्दर:

काका, तुमच्या प्रतिसादाचा वेगळा धागा काढा राव.

पाथरवट:

व्यवसायाने स्थापत्य अभियंता, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आहे. कचेरी की संग्रहालय हा वाद दगडाला कळत नाही. त्याला कळतं पाणी.

त्या काळच्या मुंबईत बांधकाम चार-पाच प्रकारच्या दगडांत व्हायचं. पायाला आणि भिंतींना काळा बेसॉल्ट, दर्शनी भागाला मालाडचा पिवळसर किंवा कुर्ल्याचा, आणि कोरीवकामाला पोरबंदरचा चुनखडक, कारण तो मऊ, छिन्नीला ऐकणारा. मऊ म्हणजे पाणीही पिणारा. हे सगळं सांधलेलं होतं चुन्यात. भाजलेला चुना महिना-महिना भिजवून मुरवायचा, चुना मळायच्या घाणीत (घाण्यात) वाळू आणि सुरकी, म्हणजे विटांची पूड, घालून मळायचा. कुठे गूळ, कुठे हिरड्याचं पाणी, कुठे बेलफळाचा गर. दगडात शिरलेलं पाणी दरजेतल्या (दोन दगडांमधल्या सांध्यातल्या) चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं आणि झिजायचं ते चुन्याने झिजायचं. पन्नास वर्षांनी दरजा पुन्हा भरा, दगड शाबूत.

आता काय होतं? कुणीतरी सिमेंटने दरजा भरतं. दिसायला पक्कं, बिल लवकर निघतं. पण सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाण्याला वाट न देणारं. मग पाणी दगडातूनच बाहेर येतं, सोबत समुद्राच्या हवेतले क्षार आणतं, ते पृष्ठभागाखाली साठून स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दहा वर्षांत कोरलेलं पान सपाट. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीवर (नाव नको) मी हे काढायचं काम केलं. सिमेंट घालायला जेवढा वेळ लागला असेल त्याच्या दसपट वेळ ते छिन्नीने, दगडाला धक्का न लावता काढायला लागला.

दुसरा शत्रू लोखंड. दगडांना जोडायला आत लोखंडी आकडे बसवलेले असतात. ते गंजले की फुगतात आणि आतूनच दगड फोडतात. तिसरा पिंपळ. कावळ्याने बी टाकलं, दरजेत माती, बस्स. नुसता शेंडा छाटणं म्हणजे त्याला खतपाणीच. मूळ मारावं लागतं.

आणि हे सगळं थांबवणारी गोष्ट अगदी फालतू वाटणारी आहे: पन्हळी. मे महिन्यात पन्हळी आणि गच्चीवरचे पाण्याचे मार्ग साफ झाले की निम्मं संवर्धन झालं. त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून बातमीही होत नाही.

मालाडमध्ये_राहतो_हो:

आमच्या मालाडचा दगड बोरीबंदरला! खाणी भरून आता वर टॉवर झाले, म्हणून तो दगड मिळणंही बंद. पाथरवट, दुरुस्तीला दगड आणता कुठून?

पाथरवट:

पाडकामातून. जुनी इमारत पडली की आम्ही धावतो. नाहीतर रंग-पोत जुळणारा दुसरा शोधायचा, नमुना भिंतीवर लावून एक पावसाळा बघायचा. पण एक पावसाळा थांबायला निविदेत जागा नसते. चुन्याचं बाहेरचं काम ऑक्टोबर ते मे एवढ्यातच होतं, कार्यादेश निघतो जानेवारीत, आणि ३१ मार्चला निधी परत जाऊ नये म्हणून सगळे घाईत. चुन्याला आर्थिक वर्ष समजत नाही.

परळचा_अण्णा:

सगळे स्टीव्हन्स-स्टीव्हन्स करताय ते ठीक, मोठा माणूस. बाथचा, १९०० साली मुंबईतच वारला, शिवडीच्या दफनभूमीत आहे. पण दगड त्याने नाही उचलला. समोरच्या स्टेशनाच्या कामावर साहाय्यक अभियंता होते सीताराम खंडेराव. स्टेशनाच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात. आणि अशा इमारतींवर राबणारे कामाठी, निजामाच्या मुलखातून आलेले तेलुगू लोक. त्यांच्यावरून कामाठीपुरा. आज कामाठीपुरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. शहर बांधणाऱ्यांच्या वस्तीची ही ओळख उरली.

संग्रहालय करायचंच असेल तर एक खोली या लोकांसाठी करा. बाकी इमारत कारकुनांना राहू द्या.

स्वाती_द:

अण्णा, +१. त्या एका खोलीसाठी मी माझा आग्रह थोडा मागे घेईन.

पण बोरीबंदरकर, तुमच्या 'वापर हीच राखण'ला तुमच्याच लेखातलं उदाहरण आडवं येतं. वॉटसन हॉटेल. म्युनिसिपालिटीचा जुना शेजारी, १८६९ साली पुरं झालेलं, लोखंडी सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडलेला. पुढे ते एस्प्लनेड मॅन्शन झालं. त्याचा वापर थांबला होता का? वकिलांच्या कचेऱ्या, दुकानं, भाडेकरू, गजबज होती. तरी २००५ साली दर्शनी भागाचा काही हिस्सा कोसळला आणि २०१९ साली रिकामं करावं लागलं. रोज खिडक्या उघडणारी माणसं तिथेही होतीच की!

बोरीबंदरकर:

आक्षेप चोख आहे. फरक मला असा दिसतो: तिथे वापरणारा एक, मालक दुसरा. गोठलेल्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटत नव्हती. मुख्यालयात वापरणारा, मालक आणि पैसेवाला एकच. तेव्हा माझं वाक्य असं वाचा: ज्याच्या डोक्यावर गळतं त्याच्याच हातात तिजोरीची किल्ली असेल तर वापर हीच राखण.

कायदेकिडा:

आणि परवानगीही त्याच्याच हातात! ही गंमत कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

मुंबईत वारसा नियमावली आली १९९५ साली, देशात अशी पहिली. आता त्या तरतुदी विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या विनियम ५२ मध्ये आहेत. इमारतींना श्रेणी असते: एक, दोन-अ, दोन-ब, तीन. श्रेणी एकला जवळपास हात लावायचा नाही, दोन-अ मध्ये आतले बदल तपासून करता येतात, पुढे सैल होत जातं. कामाआधी मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घ्यायचा. समिती नेमतं राज्य सरकार, पण ती सल्ला देते महापालिका आयुक्तांना. म्हणजे मुख्यालयाच्या बाबतीत अर्जदार महापालिका, सल्ला ऐकणारे आयुक्त, आणि इमारत त्यांचीच कचेरी.

तरी नियमावलीचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. तिच्याआधी जुन्या दर्शनी भागांवर पाट्या, वायर, पत्र्याचे आडोसे काहीही चढायचं. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींवरच्या पाट्या एका मापात आणल्या त्या प्रकल्पाला २००४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी समोरचं स्टेशन जागतिक वारसा यादीत गेलं.

आणि स्वातीताई, स्टेशनाचं संग्रहालय करायची टूमही २०१७ च्या अखेरीस निघाली होती. रेल्वे कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. बारगळली हेच बरं.

नवी_मुंबईची_मीनल:

एक शंका. जुन्या इमारतीत एवढे कागद आणि लाकूड, मग आगीचं काय? २०१२ साली जूनमध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हा केवढ्या फायली गेल्या. ती तर साधी काँक्रीटची इमारत होती.

पाथरवट:

मीनल, एवढ्या चर्चेत हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दगड हळू मरतो, लाकडी छत एका रात्रीत जातं. जुन्या कचेरीत विजेचा भार वर्षागणिक वाढतो: संगणक, एसी, त्यावर पुन्हा सणासुदीची रोषणाई. तारा कुठे जातात हे शेवटच्या वायरमनलाच ठाऊक, आणि तो निवृत्त. उपाय म्हणजे जुनी दप्तरं संगणकावर चढवून मूळ कागद दुसरीकडे हलवायचे, तारांचा मार्ग एकच आणि उघडून बघता येईल असा ठेवायचा, एसीची पेटी दगडात छिद्र पाडून टांगायची नाही. तुमच्या संग्रहालयातही हाच भार येणार, शिवाय दिव्यांचा जास्तीचा.

चिटणीसखातं_निवृत्त:

कागद हलवा, पण सभांची कार्यवृत्तं नीट हलवा. ठराव मांडणारा, अनुमोदन देणारा, विरोधात बोललेला, सगळं त्यात असतं. बाहेर फिरोजशहा मेहतांचा पुतळा उभा आहे, १९२३ सालचा. १८८८ चा मुंबई महापालिका कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते हेच. आजही कारभार त्याच कायद्यावर चालतो, दुरुस्त्या होत होत. दगडी इमारतीएवढीच ती कागदी इमारतही जुनी आहे, तिला कुणी श्रेणी दिलेली नाही.

खड्डेबहाद्दर:

म्हणजे आता ठरलं काय? कचेरी राहणार, अण्णांची खोली होणार, काकांचे कागद जाणार आणि पन्हळी कुणीच साफ करणार नाही.

बोरीबंदरकर:

पन्हळींवर काहीतरी करू या. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो: गेल्या तीन वर्षांत मुख्यालयाच्या पन्हळी आणि गच्च्या कधी साफ झाल्या, विजेची तपासणी कधी झाली, आणि दरजा भरायच्या शेवटच्या कामाच्या निविदेत चुना लिहिलाय की सिमेंट. मसुदा उद्या इथे डकवतो.

कायदेकिडा:

थांबा. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. तिन्ही एकत्र टाकलेत तर पहिल्याचंच उत्तर देऊन मोकळे होतील. तीन वेगळे अर्ज करा, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विजेचा अर्ज मी टाकतो.

पाथरवट:

चुना-सिमेंटचा मी लिहितो. निविदेतली बाब नेमकी कुठल्या नावाने विचारायची ते मला माहीत आहे, मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येईल.